रब्बीच्या पिकाला खरिपाचं खत

पत्र थोडक्यात असं :

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावातून एका वाचकाने लिहिलं आहे. वय चाळिशीच्या आत, आयटीतली नोकरी, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं घर. घराभोवती साधारण ४,००० चौरस फूट लॉन, गवत टॉल फेस्क्यू. पहिल्या वर्षी कापण्यापलीकडे काही केलं नाही. यंदा मनावर घेतलं. एप्रिलच्या शेवटी ३२-०-४ खताचं ५० पौंडी पोतं आणून अर्धं टाकलं, उरलेलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. रोज रात्री नऊला स्प्रिंकलर. कापायची उंची दोन इंच, म्हणजे सारखं कापायला नको. मे महिन्यात लॉन बघत राहावं असं झालं. जुलैत जागोजागी तपकिरी गोल चट्टे पडले आणि मोकळ्या जागेत क्रॅबग्रास नावाचं तण माजलं. आता एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नोटीस आली आहे : तण आणि उघडी जमीन, ३० दिवसांत सुधारणा करा. शेजाऱ्याचं लॉन मात्र गालिच्यासारखं. साताऱ्याकडून आलेले वडील रोज सकाळी खुरपं घेऊन बसतात, फवारणीला त्यांचा ठाम विरोध. बायको म्हणते, गवताऐवजी क्लोव्हर (तिपानी, जमिनीलगत वाढणारी वनस्पती) पेरून मोकळे व्हा. एका लॉन कंपनीने वर्षाचं पॅकेज देऊ केलं आहे. प्रश्न असा : "खत आणि तणनाशक एकत्र असलेलं पोतं या शनिवारी टाकू का? पंधरा दिवसांत हिरवं होईल असं काही आहे का? आणि एवढं खत घालूनही गवत मरतं, म्हणजे माझं चुकतंय कुठे?"

*

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण शनिवार जवळ आला आहे. नका टाकू. पोतं आणून ठेवलं असेल तर पावती शोधा आणि परत करून या. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "गावाकडे पाऊस पडला की युरिया टाकतात, मीही तेच केलं." सगळं इथेच फसलंय. आणि तुम्हाला वाटतं तसा हा आळशीपणाचा किंवा अडाणीपणाचा प्रकार नाही. शेतकऱ्याच्या मुलानेच करावी अशी चूक आहे ही. तुम्ही जमीन ओळखलीत, पाऊस ओळखलात, फक्त पीक कुठल्या हंगामाचं ते विचारायचं राहून गेलं.

टॉल फेस्क्यू हे रब्बीचं पीक आहे, असं समजा. हवा ६० ते ७५ फॅरनहाइटच्या दरम्यान असली की ते खुशीत असतं. सप्टेंबरच्या मध्यापासून ते वाढायला लागतं, थंडीत वरून शांत दिसलं तरी खाली मुळं धरतं, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा एकदा उसळतं आणि जून लागला की दम खातं. इथे कॅरोलायनात जुलैत दिवसा नव्वदीचा पारा आणि रात्रीही सत्तरच्या खाली न येणारा उकाडा. अशा दिवसांत ते कसंबसं जीव धरून असतं. झोपलेल्या माणसाला उठवून श्रीखंड-पुरी वाढावी, तसा तुमचा जूनचा डोस होता. गव्हाला मे महिन्यात युरिया देणारा माणूस दिसला तर तुमचे वडील काय म्हणतील, त्यांनाच विचारून बघा. उत्तर छापण्याजोगं नसेल.

आता हिशेब. पोत्यावरच्या तीन आकड्यांतला पहिला नत्राचा (नायट्रोजनचा), दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ५० पौंडांच्या पोत्यात ३२ टक्के नत्र, म्हणजे १६ पौंड. ते ४,००० चौरस फुटांवर पडलं, म्हणजे दर १,००० चौरस फुटांना ४ पौंड. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी फेस्क्यूला सबंध वर्षात अडीच ते तीन पौंड सांगते, आणि त्यातलं उन्हाळ्यात काहीही नाही. वर्षभराच्या रेशनपेक्षा जास्त तुम्ही सहा आठवड्यांत वाढलंत. मेमधलं ते 'बघत राहावं' असं लॉन म्हणजे गवताला आलेली सूज होती.

अशा लुसलुशीत, पाणीदार पात्यावर 'ब्राऊन पॅच' नावाची बुरशी तुटून पडते. तिला तीन गोष्टी लागतात : उबदार रात्र, दहा-बारा तास ओलं राहणारं पातं आणि भरपूर नत्र. रात्र निसर्गाने दिली, उरलेल्या दोन गोष्टी तुम्ही पुरवल्यात. नऊ वाजता भिजलेलं पातं सकाळी नऊपर्यंत सुकत नाही. खात्री करायची असेल तर उद्या सहा वाजता, दव असताना, चट्ट्याच्या कडेला उकिडवे बसा. करड्या कोळिष्टकासारखे तंतू दिसतील. एक पातं तोडून उजेडात धरा, मध्ये फिकट, वाळल्यासारखा डाग आणि भोवती गडद तपकिरी किनार दिसेल, साडीच्या काठासारखी. असं दिसलं तर दुसरं निदान नको. दिलासा इतकाच की ही बुरशी बहुतेकदा पातं खाते, गड्डा सोडते. बरेचसे चट्टे हवा गार झाली की आपोआप भरतात. बुरशीनाशकं मिळतात, पण ती रोग यायच्या आधी मेअखेरीस मारली तर उपयोगाची. आत्ता पैसे घालवू नका.

शेजाऱ्याच्या गालिच्याबद्दल एक विचारते. गेल्या जानेवारीत त्याच्या लॉनचा रंग कोणता होता, आठवतं? वाळल्या चाऱ्यासारखा पिवळट असेल, तर त्याच्याकडे बर्म्युडा किंवा झॉयसिया आहे. ही उन्हाळी गवतं, आपल्या भाषेत खरिपाची. ती आत्ता ऐन भरात असतात आणि पहिल्या कडक थंडीनंतर एप्रिलपर्यंत झोपतात. त्याचं बघून तुम्ही जूनमध्ये खत टाकलं असेल, तर शेजाऱ्याच्या उसाचं वेळापत्रक बघून आपल्या हरभऱ्याला पाणी सोडल्यासारखं झालं. (तोही जानेवारीत तुमच्या लॉनकडे बघून जळत असेल, पण हे कोणी कोणाला सांगत नाही.)

आता तण. तुम्ही त्याला रोग समजताय. माझा अनुभव असा की तण म्हणजे रिकाम्या खुर्चीवर येऊन बसलेला पाहुणा. खुर्ची रिकामी कोणी केली? दोन इंचांच्या कापणीने आणि बुरशीने. क्रॅबग्रासच्या बीला उगवायला ऊन लागतं. फेस्क्यू साडेतीन इंच ठेवलं तर जमिनीवर सावली राहते आणि निम्मं बी वर येतच नाही. दोन इंचांवर तुम्ही त्याला अंगण सारवून दिलंत. तेव्हा मशीनचं पातं आजच साडेतीन इंचांवर न्या. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पातं बोथट असेल तर धार लावून घ्या, कारण फाटलेल्या टोकातून बुरशीला वाट मिळते. कापलेलं गवत पिशवीत भरू नका, जागेवरच पडू द्या. वर्षभरात खताचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो.

तुमच्या वडिलांचं वाक्य तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय : "गवात वाढवायचं, कापायचं, आन् टाकून द्यायचं? एखादं जनावर तरी पाळा की." त्यांना सांगा, त्यांनी अचूक ओळखलं. टॉल फेस्क्यू अमेरिकेत नावारूपाला आलं ते गुरांचा चारा म्हणूनच. केंटकीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात १९३१ मध्ये ते तिथल्या विद्यापीठातल्या माणसाच्या नजरेस पडलं, १९४३ मध्ये 'केंटकी ३१' या नावाने बाहेर आलं आणि कुरणांमधून पसरत पसरत घरांच्या अंगणात शिरलं. आजची लॉनची वाणं बारीक पात्याची आणि ठेंगणी आहेत, पण मूळ घराणं चाऱ्याचं.

आणि त्यांचं खुरपं काढून घेऊ नका. जुलैच्या उकाड्यात तुमच्याकडचं सर्वात चांगलं तणनाशक तेच आहे. पारा ८५-९० च्या वर गेला की फवारणीने तणाइतकंच फेस्क्यूही भाजतं. 'खत अधिक तणनाशक' पोत्याला मी नाही म्हटलं त्याचं एक कारण हे. दुसरं असं की तणाची वेळ आणि खताची वेळ एकच क्वचित असते, त्यामुळे त्या पोत्यातला एक माल नेहमी अवेळी पडतो. क्रॅबग्रास वर्षायू आहे, पहिल्या कडक दहिवरात मरतं. प्रश्न फक्त बी पडण्याचा. बोटांसारखे फाकलेले तुरे दिसायच्या आत, पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी वाफसा असताना उपटलं तर मुळासकट येतं. लव्हाळा मात्र उपटत बसू नये, खाली गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. वडिलांना तो ओळखून द्यावा लागणार नाही. देठ बोटांत फिरवला की तीन धारा लागतात.

पाण्याचंही आजच बदला. रात्री नऊ बंद, पहाटे चार-पाचला सुरू. त्या वेळी पातं दवाने ओलंच असतं, आपण ओलेपणा वाढवत नाही. रोज थोडं थोडं देण्याऐवजी आठवड्यात एकूण एक इंच, पावसाचं धरून, दोन हप्त्यांत. इंच कसा मोजायचा? श्रीखंडाचे चार रिकामे डबे लॉनवर चार ठिकाणी ठेवा, स्प्रिंकलर अर्धा तास चालवा, पट्टीने पाणी मोजा. माझ्याकडे एका डब्यात पाऊण इंच आणि दुसऱ्यात जेमतेम पाव निघालं होतं, तेव्हा कुठे कळलं की एक नोझल वर्षभर ड्राइव्ह-वेच भिजवत होतं. इथल्या लाल चिकणमातीत पाणी लवकर मुरत नाही. वाहायला लागलं की थांबा, तासाभराने पुन्हा द्या. पाणी द्यायचंच नसेल तरीही चालेल. फेस्क्यू पिवळं पडून झोपेल. फार कोरडं गेलं तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा गड्डा जिवंत राहण्यापुरतं भिजवा.

एचओएचं काय, हा तुमचा खरा घोर दिसतो. तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना पंधरा दिवसांत हिरवा रंग हवा आहे. नोटीस पुन्हा वाचा. तिच्यात तण आणि उघडी जमीन लिहिलंय. रंगाबद्दल अक्षर नाही. फोनवर वाद घालण्यापेक्षा एक साधं पत्र पाठवा : तण हाताने काढायला सुरुवात केली आहे, फोटो जोडले आहेत, गवत टॉल फेस्क्यू असल्याने पेरणीची योग्य वेळ सप्टेंबर आहे, अमुक तारखेला एरेशन (जमिनीला भोकं पाडून ती मोकळी करणं) आणि पेरणी होईल, तोवर मुदतवाढ मिळावी. सोबत विद्यापीठाचं फेस्क्यूचं वेळापत्रक जोडा. समितीतल्या लोकांच्या घरीही बहुधा हेच गवत असतं, जुलैत पेरून ते उगवत नाही हे त्यांना माहीत असतं. उघड्या जागांवर तोवर पाइनच्या वाळक्या, सुईसारख्या पानांचं पातळ आच्छादन टाकलंत तर निदान दिसायला नीट दिसेल.

जुलैत आणखी एकच काम करा, मातीपरीक्षण. राज्याच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा रॅलेमध्येच आहे. काउंटीच्या एक्स्टेंशन (कृषी विस्तार) कार्यालयातून खोके आणि अर्ज फुकट मिळतात. एप्रिल ते नोव्हेंबर तपासणीलाही पैसे पडत नाहीत, डिसेंबर ते मार्च या गर्दीच्या काळात एका नमुन्याचे ४ डॉलर घेतात. चार इंच खोलीची माती पंधरा-वीस ठिकाणांहून प्लास्टिकच्या बादलीत घ्या आणि कालवून एक खोकं भरा. इथली माती आंबट असते. फेस्क्यूला सामू (पीएच) ६ ते ६.५ लागतो. तो पाचवर असेल तर तुम्ही टाकलेलं खत गवताला धड लागतच नाही. अहवालात १,००० चौरस फुटांना किती पौंड चुना टाकायचा ते लिहून येतं. अंदाजाने चुना टाकू नका.

आता सप्टेंबर, म्हणजे तुमचं खरं वर्ष जिथे सुरू होतं तो महिना. इथले लोक तीन सुट्ट्यांनी फेस्क्यूचं खत लक्षात ठेवतात : लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार), थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेर), व्हॅलेंटाइन डे (फेब्रुवारीचा मध्य). मी ते आपल्या सणांवर बसवलंय. गौरी-गणपती, तुळशीचं लग्न, महाशिवरात्र. आपली पंचांगाची तारीख मागेपुढे सरकते म्हणून गणपती ऑगस्टमध्येच आले तर लेबर डेपर्यंत थांबायचं, एवढी एक तडजोड. पहिल्या दोन वेळा दर १,००० चौरस फुटांना एक-एक पौंड नत्र, तिसऱ्यांदा अर्धा, फार तर एक. तुमच्या हिशेबात सांगायचं तर १६-४-८ घेतलंत तर १,००० चौरस फुटांना सव्वासहा पौंड खत, ४,००० ला २५. ५० पौंडांचं पोतं दोन हप्त्यांना पुरतं. १५ मार्चनंतर, म्हणजे साधारण पाडव्याची गुढी उभारायची वेळ आली की, पोत्याला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये दुकानाबाहेर पोत्यांची थप्पी लागते, भाव उतरतो, मन चळतं. तेव्हा दुसऱ्या दाराने आत जा.

स्प्रेडरमध्ये अर्धं खत उभ्या फेऱ्यांनी, अर्धं आडव्या फेऱ्यांनी टाका, पट्टे उठत नाहीत. ड्राइव्ह-वेवर सांडलेले दाणे झाडून परत लॉनवर लोटा. रस्त्याकडेच्या गटारात गेलेलं पाणी कुठेही शुद्ध न होता सरळ ओढ्यात जातं. १९९५ मध्ये आपल्याच राज्यातल्या न्यूज (Neuse) नदीच्या मुखाशी मासे मोठ्या प्रमाणावर मेले, आणि त्यानंतर नदीत जाणाऱ्या नत्रावर नियम आले. त्या नत्रात शेतांचा, डुकरांच्या गोठ्यांचा, शहरांच्या सांडपाण्याचा वाटा मोठा होता, लॉनचा लहान. तरी आपल्या ड्राइव्ह-वेवरचे दाणे आपलेच.

पेरणी १ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर यामध्ये, जितकी आधी तितकी बरी. आधी कोअर एरेटर भाड्याने आणा. तो मातीच्या बोटभर गुंडाळ्या उपसून वर टाकतो, आणि सुपारीएवढी भोकं राहतात. जमीन ओली पण चिखल नाही, असा वाफसा बघून चालवा. कोरड्या जमिनीत तो नुसता नाचतो. बियाणं 'टर्फ-टाइप टॉल फेस्क्यू', शक्यतो तीन वाणांचं मिश्रण, आणि लेबलवर तणाच्या बियांचं प्रमाण शून्याच्या जवळ असलेलं. उघड्या जागी १,००० चौरस फुटांना सहा पौंड, जिथे गवत आहे तिथे निम्मं. दोन-तीन आठवडे वरचा थर ओला ठेवायचा, दिवसातून दोनदा हलकं पाणी. इथे मात्र 'रोज थोडं थोडं' बरोबर. उगवण एक ते दोन आठवड्यांत. नंतर ओकची पानं पडायला लागली की चार दिवसांआड काढा. पानांखाली कोवळी रोपं गुदमरून मेलेली मी माझ्याच अंगणात पाहिली आहेत.

इथे थांबून एक खड्डा दाखवते, कारण मी त्यात पडले आहे. क्रॅबग्रास उगवण्याआधीच अडवणारी उगवणपूर्व तणनाशकं मिळतात, पोत्यावर प्रोडायमिन किंवा डायथायोपीर असं लिहिलेलं असतं. फार उपयोगी. पण त्यांना क्रॅबग्रासचं बी कुठलं आणि फेस्क्यूचं कुठलं, हे कळत नाही. या राज्यात आल्यावर तिसऱ्या वर्षी मी मोठ्या हुशारीने ऑगस्टअखेर ते टाकलं, का तर हिवाळी तण येऊ नये, आणि तीन आठवड्यांनी ऐंशी डॉलरचं बी पेरलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जायचे. एक महिना गेला, कोंब नाही. दुकानदाराला बियाणं बोगस म्हणून ऐकवून आले. त्या भल्या माणसाने शांतपणे विचारलं, "त्याआधी काय टाकलं होतंत?" त्या दुकानात मी अजूनही दबकत जाते. सारांश, एका हंगामात एक तर पेरणी, नाही तर उगवणपूर्व तणनाशक. दोन्हींत किती महिन्यांचं अंतर हवं ते लेबलवर लिहिलेलं असतं, आणि अमेरिकेत लेबलच्या बाहेर जाऊन तणनाशक वापरणं बेकायदा आहे.

तुमच्यासाठी मग क्रम असा बसतो. सप्टेंबरात पेरणी, तणनाशक नाही. नवं गवत तीन-चार वेळा कापून झालं की नोव्हेंबरात, हवा साठीत असताना, डँडेलियन, चिकवीड, हेनबिट अशा रुंद पानांच्या तणांवर तेवढ्यापुरती फवारणी. चिकवीड आणि हेनबिट ही रब्बीची तणं, फेस्क्यूबरोबरच उगवतात आणि तेव्हा लहान असतात. डँडेलियन त्या दिवसांत पानांतलं अन्न मुळाकडे पाठवत असतं, औषधही त्याच्याबरोबर खाली जातं. वसंतात मारलं तर पान जळतं आणि मूळ हसत राहतं. औषधात डायकांबा हा घटक असेल तर डॉगवुड, क्रेप मर्टल या झाडांच्या मुळांपासून लांब राहा. मग मार्चमध्ये क्रॅबग्रासचं उगवणपूर्व औषध. तारीख मातीला विचारायची, सलग काही दिवस ५५ अंश. थर्मामीटर नसेल तर फोर्सिथियाच्या झुडपाची पिवळी फुलं गळायला लागली की समजा वेळ आली, डॉगवुड फुलला की उशीर झाला. होळीच्या आसपास हे सगळं घडतं, पण होळी मार्चअखेर असेल त्या वर्षी तिच्यासाठी थांबू नका. टाकून झालं की अर्धा इंच पाणी द्या, नाहीतर औषध वरच बसून राहतं.

बायकोचं म्हणणं उडवून लावू नका. पांढरं क्लोव्हर हवेतलं नत्र जमिनीत आणतं, फेस्क्यूबरोबर सुखाने राहतं आणि जुलैतही हिरवं असतं. पूर्वी लॉनच्या बियाण्यात ते मुद्दाम घालत. अडचणी दोन : रुंद पानांवरचं कुठलंही औषध त्याला मारतं, म्हणजे नोव्हेंबरची फवारणी विसरायची, आणि तुमची एचओए त्याला तण म्हणते का, हे नियमावलीत आधी बघायला हवं. लॉन मुळात कमी करणं हा तिसरा मार्ग, आणि माझ्या आवडीचा. झाडांच्या दाट सावलीत गवत धरतच नसेल तर तिथे भांडू नका, आच्छादन घाला. सगळंच उपटून झॉयसिया लावायचा विचार आला, तर भरपूर ऊन आणि पाच महिने पिवळ्या रंगाशी मैत्री, दोन्ही लागतील.

कंपनीला देऊ नका असं मी म्हणणार नाही, सगळ्यांना वेळ नसतो. सही करण्याआधी मात्र एवढंच विचारा : "मे ते ऑगस्ट माझ्या फेस्क्यूवर नत्र टाकणार का?" 'दर महिन्याला टाकतो' असं उत्तर आलं तर चहा देऊन निरोप द्या. पेरणी आणि उगवणपूर्व औषध एकाच हंगामात लिहिलेलं असलं, तरीही तसंच. फवारणी करणाऱ्याकडे राज्याचा परवाना असावा लागतो, तोही बघायला मागा.

राहता राहिली एक गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलीत. वडिलांनी कुंपणाकडचं एक 'तण' उपटू दिलं नाही, म्हणाले ही हरळी आहे, गणपतीला लागते. ते बरोबरच आहेत. इथे जिला बर्म्युडा म्हणतात तीच आपली हरळी, तीच दूर्वा. फेस्क्यूमध्ये मात्र ती जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून चालते, खुरप्याने तुटलेल्या प्रत्येक पेरातून नवी फुटते. मधोमध घुसली असेल तर ऑगस्टमध्ये ती जोमात असताना फक्त तेवढ्या चकत्यांवर ग्लायफोसेट हे तणनाशक, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि मग पेरणी. फवारणी नकोच असेल तर वीतभर खोल खणून काढणं, याला दुसरा उपाय नाही. पण त्याआधी वडिलांना चार काड्या मोठ्या कुंडीत लावू द्या, काँक्रीटवर ठेवा, एकवीस जुड्या सहज निघतील. फवारलेल्या लॉनमधल्या दूर्वा घेऊ नका.

तीच गोष्ट घोळीच्या भाजीची. ते लॉनमधली घोळ खुडून भाजी करतात म्हणता. औषध मारलेल्या जागेतली मुळीच नको. आणि तिच्यासारखंच जमिनीला चिकटून पसरणारं, पानावर लालसर ठिपका असलेलं स्पर्ज नावाचं तण इथे सर्रास आहे. देठ मोडून बघायला सांगा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, आणि खायचीही नाही.

त्यांचं परतीचं तिकीट २७ सप्टेंबरचं आहे ना? मग एरेटर लेबर डेच्या शनिवारीच आणा. बी फेकायचं काम त्यांना द्या, स्प्रेडरपेक्षा त्यांचा हात सरळ चालेल. दोन आठवड्यांत कोंब वर येतात, म्हणजे बॅगा भरायला घ्यायच्या आधी त्यांना उगवण बघायला मिळेल.